रात्री राखलेलं बेट

आमच्या छत्रपती संभाजीनगरात समुद्राचा विषय निघतो तो सहलीपुरता. दहावीनंतरची अलिबाग-मुरुडची ट्रिप, नाहीतर लग्नानंतरचा गोवा. आम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. लहानपणी जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहून मी वडिलांना विचारलं होतं, हाच का समुद्र? ते म्हणाले, "नाही रे, समुद्र खारट असतो." त्या उत्तरावर मी बरीच वर्षं काढली.

अशा गावचा माणूस मराठा आरमाराबद्दल जे शिकतो ते पुस्तकातून, आणि पुस्तकात असतात ते किल्ले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, खांदेरी. किल्ला दगडाचा असल्यामुळे टिकतो, त्याचा फोटो निघतो, त्यावर झेंडा लावता येतो. पण आरमार म्हणजे होड्या, आणि होड्या लाकडाच्या असतात. त्या कुजतात, जळतात, मोडीत निघतात. ज्या गलबतांनी हे किल्ले उभे केले आणि जिवंत ठेवले, त्यांतलं एकही आज आपल्यासमोर नाही. त्यामुळे आपण जो इतिहास सांगतो त्यात तटबंदी ठळक असते आणि पाणी पुसट.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी अलिबागजवळच्या थळला गेलो तेव्हा हे पहिल्यांदा जाणवलं. पहाटे किनाऱ्यावर उभा होतो. समोर उंदेरी, अगदी जवळ. तिच्या पलीकडे, चार-पाच किलोमीटरवर, खांदेरी. एक म्हातारे कोळी काका होडी पाण्यात लोटायच्या तयारीत होते. विचारलं, "काका, इतक्या पहाटे?" ते म्हणाले, "आता मतलई आहे ना. तो बाहेर नेतो. दुपारी खारा वारा येतो, तो घरी आणतो. आता इंजिन आलंय, पण माझा आजा याच्यावरच जायचा."

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे मी पाठ केले होते, चार मार्कांसाठी. जमीन दिवसा लवकर तापते, म्हणून दुपारी वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून सुटतो. त्या उत्तरावर १६७९ साली एक बेट टिकलं होतं, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

*

त्या बेटाकडे जाण्याआधी होड्यांची ओळख करून घेऊ.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतरच्या दोनेक वर्षांत तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. सभासद बखरीत या आरमारातल्या जहाजांची नावं येतात: गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार. आज आपल्याला ती सगळी सारखीच वाटतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं होतं. लढाईपुरत्या दोन लक्षात ठेवल्या तरी पुरे.

गुराब ही त्यातल्या त्यात मोठी. दोन किंवा तीन डोलकाठ्या, आणि नाळ लांब, निमुळती, पाण्यालगत झुकलेली. त्या नाळेवर पुढे तोंड केलेल्या तोफा. युरोपीय जहाजाच्या तोफा कुशीला असत, म्हणजे मारा करायचा तर जहाज आडवं करावं लागे. गुराब शत्रूकडे सरळ तोंड करूनच मारा करी. गलबत तिच्याहून लहान आणि हलकं. दोन डोलकाठ्या, तिरकं शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. तोफा असल्याच तर छोट्या. वारा असेल तर शीड, नसेल तर वल्ही. वारा पूर्ण पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत, आणि निश्चल पडलेल्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीला नेऊन उभ्या करत, कारण तिथे तोफा कमी असतात. गुराबांनी डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, आणि मग गलबतांतल्या माणसांनी चहूबाजूंनी चढून जायचं.

दुसरी गोष्ट साधी, पण महत्त्वाची. ही जहाजं पाण्यात फार खोल बसत नसत. कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात, ओहोटीला तिथे पाणी उथळ होतं. जिथे इंग्रज फ्रिगेटचा तळ रुतेल तिथून गलबत निघून जाई. नकाशावर जी फक्त किनाऱ्याची रेघ दिसते, ती गलबताच्या तांडेलासाठी शेकडो दारं असलेली भिंत होती.

वाऱ्यापुढे मात्र कुणाचं चालत नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून ८५ लहान आणि ३ मोठ्या जहाजांचा ताफा घेऊन दक्षिणेला बसरूरवर गेले. बसरूरची लूट साधली, पण येताना वायव्येचा वारा तोंडावर आला आणि ताफा बरेच दिवस अडकून पडला, असं ग्रँट डफ लिहितो. त्या मोसमात कोकणच्या किनाऱ्यावर वारा तिकडूनच येतो. जाताना जो वारा पाठीला असतो तोच येताना छातीवर असतो. यानंतर महाराजांनी स्वतः एवढी सागरी मोहीम केली नाही. पण खांदेरीचा डाव ज्यांनी मांडला, त्यांना वाऱ्याचा हिशोब नीट कळलेला दिसतो.

*

आता नकाशा. मुंबईच्या दक्षिणेला, बंदराच्या तोंडाशी खांदेरी आणि उंदेरी ही दोन छोटी बेटं. आणखी दक्षिणेला राजपुरीच्या खाडीत जंजिरा. १६६८ पासून मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे. जंजिरा सिद्दींकडे. आणि मधला किनारा, चौल-नागाव-थळ, बहुतेक महाराजांकडे, चौलजवळची पोर्तुगीज ठाणी सोडली तर.

या सिद्दींचा धागा आमच्या गावापर्यंत येतो. १६१० मध्ये खडकी हे गाव ज्याने वसवलं, ज्याचं पुढे औरंगाबाद झालं, तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला. गुलाम म्हणून विकला जात जात अरबी समुद्र ओलांडून तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जंजिऱ्याचे सिद्दीही त्याच आफ्रिकी किनाऱ्यावरून आलेल्या लोकांपैकी, आणि त्यांचा किल्लाही मुळात निजामशाहीचाच. म्हणजे समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवरचं आमचं गाव समुद्र ओलांडून आलेल्या माणसानेच वसवलेलं आहे. नहर-ए-अंबरीचं पाणी प्यायलेल्या गावाने आपल्याला समुद्राशी काय घेणं असं म्हणू नये.

निजामशाही बुडाली. सिद्दी आदिलशाहीकडे गेले, आणि १६७० च्या सुमारास मोगलांकडे. मोगलांच्या दख्खनच्या सुभ्याचं ठाणं औरंगाबाद, आणि सिद्दीच्या आरमाराचा पैसा सुरतेकडून. हे आरमार दर पावसाळ्यात मुंबई बंदराचा आसरा घेई. इंग्रजांना ते आवडत नव्हतं, पण मोगलांना दुखवणं सुरतेच्या व्यापाराला परवडणारं नव्हतं. महाराजांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्यांच्या किनाऱ्यावर छापे घालणारं आरमार मुंबईत निवांत पावसाळा काढतं. त्यावर उपाय एकच. बंदराच्या दारात आपला पहारेकरी बसवायचा. तो पहारेकरी म्हणजे खांदेरी.

एक प्रयत्न १६७२ च्या सुमारास झाला होता. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले आणि तो सोडून द्यावा लागला. दुसरा १६७९ चा.

*

ऑगस्ट १६७९ च्या शेवटी, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन खांदेरीवर उतरला. ही वेळ विचार करण्यासारखी आहे. या दिवसांत समुद्र अजून शांत झालेला नसतो. मोठी जहाजं बाहेर पडायला कचरतात, नाकेबंदी करत उघड्या समुद्रात दिवसेंदिवस उभं राहणं तर आणखी कठीण. तटाचा पाया घालायला जे चार आठवडे हवे असतात, ते मोसमाकडून उसने घेतले गेले.

मुंबईच्या इंग्रजांनी बेट आपलं असल्याचा दावा केला आणि सोडून जाण्यास सांगितलं. मायनाकाने आपल्या धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही असं कळवलं. सप्टेंबरात इंग्रजांची शिबाडं बेटाभोवती घिरट्या घालू लागली. १९ सप्टेंबरला थॉर्प नावाचा त्यांचा लेफ्टनंट बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. त्याचं शिबाडही मराठ्यांच्या हाती लागलं. मग 'रिव्हेंज' ही फ्रिगेट आली. तिच्यावर कॅप्टन मिंचिन, आणि सगळ्या ताफ्यावर रिचर्ड केग्विन. एकूण आठ जहाजं. त्यांतही फ्रिगेट एकच, बाकी गुराबा, शिबाडं आणि मचवे, म्हणजे याच किनाऱ्याच्या बांधणीच्या होड्या. इथल्या पाण्यात काय चालतं ते इंग्रजांनाही कळलं होतं.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाचं आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडलं. चाळीस ते साठ जहाजं. नाळेवरच्या तोफा डागत ती इतक्या वेगाने आली की नांगरावर उभ्या असलेल्या इंग्रजांना जेमतेम निघण्यापुरता वेळ मिळाला. पहाटेची वेळ, वारा जमिनीवरून समुद्राकडे, आणि जोडीला हजारो वल्ही. थळच्या काकांना यात नवल वाटलं नसतं.

'डव्ह' नावाच्या इंग्रज गुराबेने निशाण उतरवलं आणि ती माणसांसकट पकडली गेली. बाकीची इंग्रज जहाजं मागे हटली. उरली एकटी 'रिव्हेंज'. आपल्याकडच्या बऱ्याच कथनांत लढाई इथे संपते आणि विजयाचा जयघोष सुरू होतो. पण दिवस अजून संपला नव्हता. 'रिव्हेंज'च्या तोफा मोठ्या होत्या आणि ती हलली नाही. इंग्रजांच्या म्हणण्यानुसार तिने पाच गलबतं बुडवली. शेवटी दौलतखानाच्या ताफ्याने माघार घेतली, आणि 'रिव्हेंज' पाठलाग करत असताना तो किनाऱ्याच्या उथळ पाण्यात शिरला, जिथे तिला येता येत नव्हतं.

समोरासमोरच्या लढाईत एका चांगल्या फ्रिगेटपुढे पन्नास गलबतं टिकली नाहीत, हे मान्य करायला आपल्याला जड जातं. मलाही गेलं. पण ते मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट दिसत नाही, आणि खरी गोष्ट पुढचीच आहे.

*

दौलतखानाचं आरमार दोनच दिवसांनी पुन्हा बाहेर दिसलं. आणि खांदेरीवरचं बांधकाम थांबलं नव्हतंच.

बेटावर शेकडो माणसं. त्यांना रोज धान्य लागतं, जळण लागतं, दारूगोळा लागतो. तटाला चुना आणि लाकूड लागतं. इंग्रजांचा हिशोब सरळ होता. बेट घेता येत नसेल तर उपाशी ठेवायचं. बेटाभोवती जहाजांचं कडं करायचं, की काम फत्ते.

हे कडं रोज रात्री फुटत होतं. दिवसा गलबतं खाडीत शांत पडून राहत. अंधार पडला, वारा फिरला की दोन-चार होड्या निघत. शीड खाली, वल्ही पाण्यात. इंग्रजांच्या जहाजाने पाहिलंच तर नांगर उचलून, शिडं उभारून, त्या मंद वाऱ्यात वळेपर्यंत होडी खडकांच्या आत पोचलेली असे. माल उतरवून उजेडाच्या आत ती परतही येई. वाऱ्याविरुद्ध यायचं तर वल्ह्यांनी. इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारात या लहान होड्यांच्या चपळाईबद्दलचा वैताग आहे. आपली जहाजं त्यांना गाठू शकत नाहीत, ही कबुली आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्रपाळीचं एक काम असतं. सिस्टिम बंद पडू न देणं. ज्या रात्री काहीच बिघडत नाही त्या रात्रीची नोंद कुठेच होत नाही. बक्षीस मिळतं ते नवं काही बांधणाऱ्याला. खांदेरीच्या त्या तीन-चार महिन्यांबद्दल वाचताना मला सारखं हेच आठवत राहिलं. १८ ऑक्टोबरचा दिवस इतिहासात आला, कारण त्या दिवशी तोफा उडाल्या, जहाज पकडलं गेलं, अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिले. ज्या रात्री होडी निघाली, तांदूळ उतरला, होडी परत आली आणि कुणी मेलं नाही, त्या रात्रीवर कोण लिहिणार? मायनाकाचं नाव उरलं, दौलतखानाचं उरलं. वल्ही मारणाऱ्या कोळ्या-भंडाऱ्यांपैकी, सुकाणू धरणाऱ्या एकाही तांडेलाचं नाव मला माहीत नाही. तरीही बेट राखलं ते त्यांनी.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला आणि त्याने खांदेरीवर तोफांचा मारा केला. बेट पडलं नाही. मग जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी ताब्यात घेतली आणि तिथे तट बांधायला सुरुवात केली. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, त्यात तो स्वतः जखमी झाला. पण तोवर इंग्रज थकले होते. खर्च वाढत होता, व्यापार अडकला होता. त्यांनी आपली जहाजं काढून घेतली आणि महाराजांशी तह केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढची जवळपास ऐंशी वर्षं ही दोन बेटं हाकेच्या अंतरावरून एकमेकांवर तोफा रोखून उभी होती, एक मराठ्यांची, एक सिद्दीची.

याच केग्विनने पुढे, डिसेंबर १६८३ मध्ये, मुंबईत आपल्याच कंपनीविरुद्ध बंड केलं. कंपनीची काटकसर हे त्याचं एक मोठं कारण होतं. लहान होड्यांनी मोठ्या कंपनीला कुठे गाठलं याचा तो एक पुरावाच म्हणायचा. जहाजाच्या तळाइतकंच वहीखात्यातही.

*

या अनुभवाचं शहाणपण पुढे लेखी उतरलं. १७१५-१६ च्या सुमाराचं, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आज्ञापत्र राज्यकारभारावरचा ग्रंथ आहे, आणि त्यात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. त्यातली झाडांची आज्ञा सगळ्यांना माहीत असते. आरमाराला लाकूड हवं म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत. पण त्याच प्रकरणात समुद्राचं रोजचं ज्ञान आहे. जहाजं उगाच अवाढव्य बांधू नयेत, वाऱ्याशिवाय जी हलत नाहीत ती काय कामाची. वारा पडला, शत्रूचं पारडं जड झालं, तर हट्ट न करता आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावं. पावसाळ्यातली छावणी दर वर्षी त्याच बंदरात करू नये, रयतेला उपद्रव होऊ देऊ नये.

या सगळ्याचा मथितार्थ एकच. पसरून राहा, आणि किनाऱ्याशी नातं तोडू नका. कान्होजी आंग्र्यांनी हेच केलं. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा हल्ला केला, तो फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हा त्यांचा किनारा अभंग होता.

आणि शेवट कसा झाला, तोही याच नियमाला धरून. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात वितुष्ट आलं. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचं आरमार खाडीत, किल्ल्याखाली, एकमेकांना बांधून उभं होतं. इंग्रजांचा एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. ते पूर्वी आंग्र्यांनीच इंग्रजांकडून पकडलेलं मोठं जहाज. त्याने पेट घेतला आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार काही तासांत जळालं.

ज्या होड्यांची ताकद विखुरण्यात होती, त्या एका दोरीने बांधलेल्या असताना संपल्या. आणि तो दोर बांधायला लागावा अशी वेळ आपल्याच माणसांतल्या भांडणाने आली. खांदेरीच्या वेळी अख्खा किनारा एका हुकुमात होता, म्हणून होडीला पळून जायला खाडी होती. विजयदुर्गाच्या वेळी पाठीमागची जमीनच शत्रूकडे गेली होती. मग होडीने जायचं कुठे?

*

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे. आनंद झाला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मीही फोटो टाकला. पण त्या यादीत किल्ले आहेत. होडीला वारसा मानायचं तर होडी समोर हवी, आणि ती बांधणारे, चालवणारे हात हवेत.

त्या दिवशी काका मला खांदेरीवर घेऊन गेले. तट आहे, तोफा आहेत, १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी त्याला मानतात. काकांनी तिथे नारळ फोडला आणि तटाकडे न बघता समुद्राकडे तोंड करून बसले. मी तटावरून फिरत मुंबईकडे बघत होतो, धुरकट हवेत इमारती ओळखायचा प्रयत्न करत होतो. मनात आलं, या दगडांतला प्रत्येक दगड, चुन्याची प्रत्येक पाटी कुणीतरी होडीतून आणली. त्यांतली बरीच अंधारात.

दीडच्या सुमारास पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. काकांनी ओला हात वर धरला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चला, खारा लागला. आता घरी जायचं."